माहीत असलेला डोंगर शोधताना

डिसेंबर २०२१मध्ये जव्हारहून झाप या गावी करोनाच्या लशीच्या तीनशे मात्रा ड्रोनने पोचल्या. वीस किलोमीटरहून थोडं जास्त अंतर, नऊ मिनिटांहून थोडा जास्त वेळ. रस्त्याने त्याच गावाला चाळीस मिनिटं लागतात, कारण पालघर जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा डोंगराळ भाग सरळ रस्त्यांसाठी घडलेलाच नाही. घाट उतरा, ओढा ओलांडा, पुन्हा चढा.

हिशेब केला तर हा वेग ताशी १३० किलोमीटरच्या घरात जातो. सेकंदाला ३६-३७ मीटर. ‘अरे, समोर ताड आहे’ एवढं म्हणून होईपर्यंत ताड मागे पडलेला असतो, किंवा ड्रोन ताडात असतो. आणि ताड हा सोपा अडथळा झाला. साग आहेत, मोबाइलचे मनोरे आहेत, विजेच्या तारा आहेत, घारी आहेत, आणि खुद्द पठाराची कड आहे, जी खालच्या गावातून वर येणाऱ्या यंत्रासमोर भिंतीसारखी उभी राहते.

असं यंत्र पहिल्याच दिवशी खऱ्या दरीवर सोडायचं नसेल, तर त्याला आधी संगणकात उडवता येतं. आभासी दरी, आभासी वारा, आभासी झाडं. आपटलं तर एक कळ दाबायची आणि पुन्हा उड्डाण. ‘आर्डूपायलट’ ही जगभर वापरली जाणारी मुक्त प्रणाली यात एक गंमत करते. ड्रोनच्या पोटात जो प्रोग्राम चालणार, तोच लॅपटॉपवर चालवतात आणि त्याला खोटं जग पुरवतात: खोटी उंची, खोटा वेग, खोटं होकायंत्र. आपण टेबलावर बसलो आहोत की जव्हारवर उडतो आहोत, हे त्या प्रोग्रामला कळायला काही मार्गच नसतो.

पण यात एक मोठीच अडचण आहे, आणि मला या विषयात सगळ्यात चक्रावून टाकणारी वाटते ती हीच. संगणकातल्या जगात अडथळा शोधावा लागत नाही. ते जग संगणकानेच रचलेलं असतं. प्रत्येक डोंगर, प्रत्येक खांब कुठे आहे हे त्याला मिलिमीटरपर्यंत ठाऊक असतं. शोधायचं काय मग? अडथळा ओळखणारं सिम्युलेशन लिहिणाऱ्याचं खरं कौशल्य पाहण्यात नसून न पाहण्यात असतं. सर्वज्ञ यंत्राला नेमकं किती अज्ञान द्यायचं, हे त्याला ठरवावं लागतं.

अर्थात सर्वज्ञ म्हणजे स्वतःच्या जगापुरतं. ते जग खऱ्या पालघरशी कितपत जुळतं हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर पुष्कळदा हसू येईल असं असतं.

या जगाची जमीन येते कुठून ते पाहा. फेब्रुवारी २०००मध्ये ‘एन्डेव्हर’ हे अवकाशयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं. त्याच्यावर एक रडार अँटेना होती आणि बाहेर काढलेल्या साठ मीटर लांब दांडीच्या टोकाला दुसरी. एकाच डोंगराकडे दोन जागांवरून पाहायचं आणि परत आलेल्या लहरींतल्या बारीक फरकावरून डोंगराची उंची काढायची. अकरा दिवसांत जगातल्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची मोजून झाली. आपल्या सर्वेक्षकांच्या पिढ्यांनी साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन जे केलं, त्याची ही अकरा दिवसांची आवृत्ती. फ्लाइटगिअरसारख्या मुक्त सिम्युलेटरांतला सह्याद्री या मोजणीवर उभा आहे.

मात्र ही मोजणी साधारण तीस मीटरच्या चौकटींत आहे आणि एका चौकटीला एकच उंची मिळते. मुंबई-अहमदाबाद महामार्गाने डहाणूच्या बाजूला गेलेल्यांना विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर आठवत असेल. त्याचा उभा सुळका दुरूनच ओळखू येतो. तीस मीटरच्या चौकटीत तो सुळका शेजारच्या उताराबरोबर सरासरीत जातो आणि संगणकात बसकं टेकाड होऊन बसतो. उलट चूकही होते. रडारच्या लहरी दाट रानात जमिनीपर्यंत सरळ पोचत नाहीत, पानांच्या छतातूनच बऱ्याचशा परत फिरतात. त्यामुळे जंगलात संगणकाची जमीन खऱ्या जमिनीच्या काही मीटर वर तरंगू शकते. सुळका खाली गेला, रान वर आलं.

माणसाने बांधलेल्या उंच, सडपातळ गोष्टी तर या मोजणीतून निसटतातच. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी २७५ मीटर उंच आहे. आपल्याकडच्या २०२१च्या ड्रोन नियमांनुसार नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, पूर्वपरवानगीशिवाय उडता येतं. ही अगदी वरची मर्यादा गाठून उडणारा ड्रोनही अशा चिमणीच्या निम्म्या उंचीपर्यंत पोचत नाही. वरून सुटका नाही, बाजूनेच जायला हवं. उंचीच्या नकाशात मात्र तिथे सपाट किनारा. चिमणी कोणीतरी हाताने नोंदवावी लागते: अक्षांश, रेखांश, उंची.

आणि हाताने नोंदवलं की हात चुकतो. २०२०च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर आला, तेव्हा ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका साध्या उपनगरात, बैठ्या घरांच्या मधोमध, आभाळात घुसलेली सुरीसारखी इमारत लोकांना दिसली. दोनशे बारा मजली! झालं असं होतं की, ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या सर्वांनी मिळून बनवलेल्या नकाशात कोणीतरी मजल्यांच्या रकान्यात २ ऐवजी २१२ टंकलं होतं. चूक नंतर दुरुस्तही झाली, पण तोवर सिम्युलेटरने जुनी प्रत उचलली होती. हौशी वैमानिकांनी मग तिच्याभोवती घिरट्या घालायला सुरुवात केली. टंकलेखनातल्या चुकीला विमान धडकू शकतं असं हे बहुधा पहिलंच ठिकाण असावं.

आता या जगात यंत्र उडतंय. संगणकाला धडक कशी कळते? आभासी जगातली प्रत्येक वस्तू, मग ते नारळाचं झाड असो की बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना, छोट्या छोट्या त्रिकोणांची बनलेली असते. ड्रोनच्या नाकातून एक काल्पनिक किरण सोडायचा आणि विचारायचं: हा किरण कोणत्या त्रिकोणातून जातो, किती अंतरावर? एका त्रिकोणाचं उत्तर काढायला थोडे बेरीज-गुणाकार पुरतात. पण त्रिकोण दहा लाख असतील तर? आणि किरण एक नसतो. खऱ्या ड्रोनवर बसवतात तसा सोळा लेसरांचा लायडार सेकंदाला सुमारे तीन लाख बिंदू मोजतो. तीन लाख गुणिले दहा लाख. कुठलाही लॅपटॉप हात टेकेल.

यावरचा उपाय इतका सोपा आहे की पहिल्यांदा समजला तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं. सगळे त्रिकोण एका मोठ्या अदृश्य खोक्यात घाला. त्या खोक्याची दोन खोकी करा, त्यांची आणखी दोन दोन. किरण एखाद्या खोक्याला शिवलाच नाही तर त्यातले लाखभर त्रिकोण न बघता सोडून द्या. प्रत्येक प्रश्नाला निम्मं जग बाद होतं. दहा लाख त्रिकोणांतून हवा तो गाठायला मग ढोबळमानाने वीस प्रश्न पुरतात, कारण एकाला दोनाने वीस वेळा गुणत गेलं की दहा लाखांच्या वरच आकडा येतो. जग दुप्पट मोठं केलं, पालघरच्या जोडीला अख्खा ठाणे जिल्हा घेतला, तरी प्रश्न वाढतो एकच. एकविसावा.

त्रिकोण सापडले तरी तारा सापडतातच असं नाही. सिम्युलेटर जग चित्रपटासारखं चौकटी-चौकटीने पुढे नेतो, समजा सेकंदाला साठ चौकटी. आपला लशीचा ड्रोन एका चौकटीतून दुसरीत जाताना साठ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. तारापूरसारख्या मोठ्या वीज केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांत वापरतात ती ‘मूस’ जातीची तार साधारण तीन सेंटिमीटर जाड. ड्रोनला एक बिंदू मानून प्रत्येक चौकटीला ‘तू आता तारेत आहेस का?’ एवढंच विचारलं, तर विसातून एकोणीस वेळा उत्तर येईल, नाही. एका चौकटीत तो तारेच्या अलीकडे असतो, पुढच्या चौकटीत पलीकडे. मधला क्षण या विश्वात घडलेलाच नसतो. सिम्युलेटर लिहिणारे याला बोगदा पडणं म्हणतात. उपाय म्हणजे ‘कुठे आहेस’ न विचारता ‘इथून तिथे जाताना जी रेघ उमटली, ती तारेला छेदते का’ हे विचारायचं. प्रश्न बदलला की तार पुन्हा घट्ट होते.

इथवरचं सगळं सर्वज्ञाचं काम झालं. आता त्याला अज्ञान द्यायचं.

संगणकाचं ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवताना प्रत्येक ठिपक्याचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर आपोआप काढतं. पुढची वस्तू मागचीला झाकते हे ठरवायला ते लागतंच. म्हणजे सिम्युलेटरमध्ये अंतर मोजणारा कॅमेरा फुकट मिळतो, आणि तोही निर्दोष. धोका नेमका हाच. या निर्दोष डोळ्यावर वाढलेला प्रोग्राम खऱ्या ड्रोनवर बसवला तर पहिल्याच उन्हात गोंधळतो. दोन कॅमेऱ्यांनी खोली मोजणाऱ्या यंत्राला एकसारखी पांढरी भिंत कळत नाही, कारण डाव्या डोळ्यातला कुठला ठिपका उजव्या डोळ्यातल्या कुठल्या ठिपक्याशी जोडायचा तेच त्याला उमगत नाही. सूर्या नदीवरच्या धामणी धरणासारखं संथ पाणी आणखी वाईट: त्यात आभाळ दिसतं, आणि यंत्राला वाटतं खाली खोलच खोल. लायडारचा किरण अशा पाण्यावरून दुसरीकडेच निसटतो, परत येत नाही; आणि न परतलेला किरण म्हणजे मोकळी जागा, असा अर्थ लावण्याचा मोह प्रोग्रामला पडतो. किरण परत पाठवणारा पावसाचा थेंब म्हणजे अडथळा, पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे पोकळी. कोकणपट्टीतल्या जुलैत अशा यंत्राची काय अवस्था होत असेल!

म्हणून चांगला सिम्युलेटर मुद्दाम बिघडवलेला असतो. अंतरांत चुका पेरतात, काही बिंदू गाळतात, उन्हाची तिरीप कॅमेऱ्यावर पाडतात, झाडांचे रंग आणि आकार प्रत्येक फेरीत बदलतात, म्हणजे प्रोग्रामने एकच झाड पाठ करू नये. झुरिक विद्यापीठातल्या दाविदे स्कारामुझा यांच्या गटाने हे कसं साधलं ते वाचण्यासारखं आहे. त्यांनी आभासी रानात दोन वैमानिक ठेवले. एक गुरू: त्याला सगळं ठाऊक, झाडांची प्रत्येक फांदी कुठे आहे ते ठाऊक, आणि विचार करायला हवा तेवढा वेळ. दुसरा शिष्य: त्याच्याकडे फक्त कॅमेऱ्यातून येणारं खरखरीत, डाग पडलेलं अंतराचं चित्र. गुरू प्रत्येक क्षणी उत्तम वाट काढून दाखवतो. शिष्याने आपल्या अर्धवट दृष्टीतून तीच वाट ओळखायला शिकायचं. शिष्याचं चित्रही उगाच खरखरीत केलेलं नव्हतं. दोन आभासी कॅमेऱ्यांची चित्रं जुळवून त्यांनी अंतर काढलं, म्हणजे खरा कॅमेरा जिथे फसतो तिथेच हाही फसावा. ऑक्टोबर २०२१मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. खरं रान एकदाही न पाहिलेला तो शिष्य खऱ्या रानातून, बर्फातून, पडक्या इमारतींतून ताशी ४० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने उडाला. मला यातला गुरू फार आवडतो. सर्वज्ञ असूनही त्याला कधीच उडायचं नसतं.

अडथळा दिसला, आता चुकवायचा. इथे बुद्धीच्या आधी भूमिती आडवी येते. वर सांगितलेल्या लायडारची नजर शंभर मीटरची. सेकंदाला ३७ मीटर जाणाऱ्या ड्रोनला शंभर मीटर म्हणजे पावणेतीन सेकंद. पंखांवर उडणाऱ्या यंत्राला हवेत थांबता येत नाही, वळावंच लागतं. ४५ अंश कलून वळलं तर त्याच्या वळणाच्या वर्तुळाची त्रिज्या निघते सुमारे १४० मीटर. शंभर मीटर पुढे जाईपर्यंत तो फार तर ४० मीटर बाजूला सरकलेला असेल, तेही कलायला लागणारा वेळ सोडून. ताड चुकेल. चिमणीही बहुधा चुकेल. जव्हारच्या पठाराची कड मात्र चुकणार नाही. १४० मीटरच्या वर्तुळाला शंभर मीटरची नजर अपुरीच. थोडक्यात, पुढे पाहून चुकवण्याची यंत्रणा कितीही हुशार असली तरी डोंगर नकाशातच चुकवावा लागतो, उड्डाणाच्या आधी.

वाट काढण्याची एक मोहक युक्ती १९८६मध्ये ओसामा खातिब यांनी मांडली. ध्येयाला चुंबक समजा, प्रत्येक अडथळ्याला उलटा चुंबक. ध्येय ओढतं, अडथळे ढकलतात, यंत्र आपोआप मधून वाहत जातं. लिहायला दहा ओळी, पडद्यावर पाहायला सुंदर. पण ड्रोन तीन बाजूंनी बंद असलेल्या खोऱ्यात शिरला की घोटाळा. ध्येय पुढे ओढतंय, समोरचा कडा मागे ढकलतोय, दोन्ही जोर सारखे. यंत्र तिथेच थरथरत राहतं. वाट मागे फिरून गेली तरच सापडेल, पण मागे फिरणं म्हणजे ध्येयापासून दूर जाणं, आणि तेवढी समज या पद्धतीला नाही. सह्याद्रीत अशा बंद खोऱ्यांना तोटा नाही. चकचकीत प्रात्यक्षिकांत नेहमी विरळ खांबांचं मैदान दाखवतात आणि खोरं का दाखवत नाहीत, ते यावरून कळावं.

खोऱ्याला पुरून उरणारी पद्धत त्याहून जुनी आहे. १९६८मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या हार्ट, निल्सन आणि राफेल या तिघांनी ‘शेकी’ नावाच्या चाकांवरच्या यंत्रमानवाला खोलीत फिरवण्यासाठी ‘ए-स्टार’ ही शोधपद्धत काढली. नकाशाचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनासाठी दोन आकडे मिळवायचे: इथवर आलो ते खरं अंतर, आणि इथून पुढचं अंदाजी. अंदाज नेहमी सरळ रेषेतला, म्हणजे मुद्दाम आशावादी; खरी वाट त्याहून आखूड असूच शकत नाही. ज्याची बेरीज सर्वांत कमी त्या चौकोनावर आधी जायचं. खोऱ्यात अडकलं की पुढच्या चौकोनांची बेरीज वाढत जाते आणि शोध आपणहून मागे फिरून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो. आणि ही पद्धत जी वाट काढेल ती त्या नकाशावरची सर्वांत आखूड असते, याची गणिती खात्री आहे. खात्री देते ती आशावादाची अट. अंदाज निराशावादी ठेवला, तर तीच पद्धत चुकू शकते.

या नकाशात अडथळा दगडाचाच असायला हवा असं नाही. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रासारख्या संवेदनशील ठिकाणांभोवती परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. ती बंदी प्रोग्राममध्ये भिंत म्हणूनच लिहितात: जमिनीपासून आभाळापर्यंत, जाडी शून्य, रंग नाही. कॅमेऱ्याला तिथे समुद्र, ताडाची झाडं आणि स्वच्छ हवा दिसते. ड्रोन तरीही वळतो.

तारापूरचं नाव ओघाने आलंच आहे, तर या विषयाचा तारापूरशी दुसराही एक धागा आहे, आणि तो सुखाचा नाही. तारापूरचं अणुवीज केंद्र हा होमी भाभांचा आग्रह होता. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली २८ ऑक्टोबर १९६९ला. भाभांनी ते पाहिलं नाही. २४ जानेवारी १९६६ला व्हिएन्नातल्या बैठकीसाठी निघालेले भाभा एअर इंडियाच्या ‘कांचनजंगा’ या बोइंग ७०७मध्ये होते. जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना ते विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. विमानातले ११७ जण गेले.

माँ ब्लाँ हा काही नकाशातून निसटलेला सुळका नव्हे. आल्प्समधला तो सर्वांत उंच पर्वत, ४,८०० मीटरहून जास्त. वैमानिकालाही ठाऊक होता, जमिनीवरच्या नियंत्रकालाही. ठाऊक नव्हती ती विमानाची स्वतःची जागा. दिशादर्शक संदेश घेणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बंद होतं. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष असा की वैमानिकाने पर्वतापासूनचं आपलं अंतर चुकीचं धरलं होतं. रडारवर बसलेल्या नियंत्रकाला ती चूक दिसली आणि त्याने खरी जागा कळवली, पण शब्द पुरेसे नेमके नव्हते. पर्वत पुढे आहे हे सांगितलं गेलं आणि पर्वत मागे पडला असं ऐकलं गेलं. विमान खाली येत राहिलं.

अशा अपघातांवर डॉन बेटमन या अभियंत्याने आयुष्य घालवलं. त्याची पहिली यंत्रणा सत्तरच्या दशकातली. ती रेडिओ लहरींनी सरळ खाली मोजायची आणि जमीन झपाट्याने जवळ येऊ लागली की ओरडायची. खाली पाहणाऱ्याला समोरचा कडा मात्र दिसत नाही. १९७९मध्ये न्यूझीलंडचं विमान अंटार्क्टिकातल्या एरेबस पर्वतावर आदळलं तेव्हा ही यंत्रणा बोलली होती, धडकेच्या सुमारे सहा सेकंद आधी. बेटमनला समोर पाहायचं होतं, आणि त्यासाठी त्याने विमानाच्या नाकाला नवं रडार न लावता विमानात पृथ्वी ठेवली. नव्वदच्या दशकात सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले गुप्त उंचीनकाशे विकत मिळू लागले. ते त्याने मिळवले आणि जगभरची जमीन एका खोक्यात भरली.

ते खोकं आज प्रवासी विमानांत असतं. नीट पाहिलं तर तो एक छोटा, चित्र नसलेला फ्लाइट सिम्युलेटर आहे. विमान कुठे आहे, किती वेगाने कुठे चाललंय हे घेऊन तो आपल्या साठवलेल्या पृथ्वीवर एक काल्पनिक विमान पुढे पाठवतो. ते काल्पनिक विमान सुमारे मिनिटभराच्या अंतरावर डोंगराला लागलं तर सावधगिरीची सूचना, अर्ध्या मिनिटावर आलं तर ‘पुल अप’. धडक आधी सिम्युलेशनमध्ये होते, खऱ्या विमानात होऊ नये म्हणून. भाभांच्या विमानाला छळलेला प्रश्न मात्र त्याने संपवलेला नाही: मी नेमका कुठे आहे? गेल्या काही वर्षांत युद्धक्षेत्रांच्या आसपास खोटे जीपीएस संदेश सोडले जातात, आणि दहा किलोमीटर उंचीवर शांतपणे चाललेल्या विमानांतलं हे खोकं ‘समोर डोंगर’ म्हणून ओरडू लागतं. पृथ्वी बरोबर, जागा चुकलेली.

डोंगर निदान एका जागी उभे असतात. हलणाऱ्या अडथळ्याचं गणित समुद्रावरच्या माणसाला जुनंच ठाऊक आहे. सातपाटीच्या तांडेलाला समोरून येणारी बोट ज्या दिशेला दिसते ती दिशा बदलत नसेल आणि बोट मोठी होत चालली असेल, तर टक्कर ठरलेली. सिम्युलेटर हेच करतो, फक्त आकड्यांत: दुसऱ्याच्या वेगातून आपला वेग वजा करायचा, म्हणजे आपण स्थिर आणि तो एकटा सरकतोय असं होतं, मग त्याची सरळ वाट आपल्याला किती जवळून आणि किती सेकंदांनी ओलांडते ते पाहायचं. विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणाही अंतरापेक्षा सेकंदांचाच विचार जास्त करते, आणि दोन्ही विमानांत ती असेल तर त्या दोघी आपसांत ठरवतात, तू वर, मी खाली. १२ नोव्हेंबर १९९६ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकून ३४९ माणसं गेली. त्यानंतर भारतात ही यंत्रणा सक्तीची झाली.

ड्रोनांची गर्दी असेल आणि आपसांत बोलणं नसेल, तर पेच वेगळाच. सकाळी पाळी बदलताना बोईसर स्टेशनच्या पुलावर दोन माणसं समोरासमोर येतात, दोघंही एकाच बाजूला सरकतात, मग दोघंही दुसऱ्या बाजूला. सिम्युलेटरमधले ड्रोनही हुबेहूब असेच नाचत राहायचे. प्रत्येकजण समोरच्याला मुकाट सरळ जाणारा अडथळा मानून पूर्ण वळायचा, वळल्यावर दिसायचं की टक्कर टळली आहे, म्हणून परत जुन्या वाटेवर यायचा, समोरच्याचंही तेच. २००८मध्ये यूर फान डेन बर्ग, मिंग लिन आणि दिनेश मनोचा यांनी तोडगा काढला: टक्कर टाळायला जेवढं वळायला हवं त्याच्या निम्मंच वळायचं, उरलेलं निम्मं समोरचा वळेल असं धरून. एकही संदेश न पाठवता नाच थांबला. शेकडो यंत्रं एकमेकांतून वाट काढत निघून जाऊ लागली.

घारीला हा करार माहीत नाही. पक्षी, पतंग, गच्चीवरून उडवलेला कोणाचा तरी हौशी ड्रोन, यांच्यासाठी निम्म्याचा हिशेब चालत नाही; प्रोग्राममध्ये त्यांचा गट वेगळा ठेवतात आणि त्यांच्यापुढे वळण्याची सगळी जबाबदारी आपल्याच यंत्रावर टाकतात. तारापूरभोवतीच्या त्या न दिसणाऱ्या भिंतीचा गटही तोच.